दाबलेल्या पेनीचा धंदा : खरे काम यंत्राच्या आधीचे

अमेरिकेत प्रेक्षणीय स्थळी, प्राणिसंग्रहालयात, संग्रहालयाच्या दारात किंवा डिस्नेच्या उद्यानात गेलेल्या आपल्या लोकांनी एक लहानसे यंत्र पाहिले असेल. बाजूला हाताने फिरवायचा दांडा, समोर काच आणि काचेआड दातेरी चक्रे. गिऱ्हाईक त्यात पाव डॉलरची दोन नाणी आणि एक सेंटचे नाणे, म्हणजे पेनी, टाकते. तीन-चार चित्रांतून एक निवडते आणि दांडा फिरवते. आतल्या पोलादी रुळांमधून ती पेनी दबून लांबट, पातळ पत्री होऊन बाहेर पडते आणि तिच्यावर त्या ठिकाणाचे चित्र उठलेले असते. पन्नास सेंट यंत्रवाल्याचे आणि एक सेंटचा कच्चा माल गिऱ्हाइकाच्या खिशातला. मजुरीही गिऱ्हाईकच करते आणि वर खूश होऊन जाते! आमच्या कापडाच्या धंद्यात असे गिऱ्हाईक आम्हांला आजवर भेटलेले नाही. अलीकडे बऱ्याच ठिकाणी दर एक डॉलर झाला आहे, तरी रांग असतेच.

हा शौक जुना आहे. १८९३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. नाणे रुळांतून काढून, त्यावर प्रदर्शनाचे नाव उठवून आठवण म्हणून विकण्याची सुरुवात तिथून झाली असे मानले जाते. १९६६ पासून अशा नाण्यांच्या संग्राहकांची अमेरिकेत स्वतंत्र संघटना आहे. ब्रिटन, जपान आणि युरोपातही यंत्रे आहेत.

पण आज आम्ही यंत्राविषयी लिहीत नाही. व्यापारी आणि कारागीर बांधवांनी पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. जो खरा शौकीन असतो तो खिशात हाताला येईल ती पेनी यंत्रात टाकत नाही. तो घरून निवडलेल्या, धुतलेल्या, पुसलेल्या पेन्या घेऊन निघतो. तिकडे मिठाईच्या रंगीत गोळ्या मिळणारी प्लास्टिकची लहान नळी असते. तिच्यात पाव डॉलरची दोन नाणी, एक पेनी, पुन्हा दोन नाणी, एक पेनी अशी थप्पी रचलेली असते. यंत्रासमोर उभे राहिल्यावर शोधाशोध नको. रूळ सर्वांसाठी एकच, ठसाही तोच, तरी एकाची पत्री आरशासारखी आणि दुसऱ्याची मळकट येते. फरक पडतो तो आधीच्या तयारीने.

पेनी तांब्याची की जस्ताची?

सर्वांत पहिली पारख धातूची. १९८२ च्या मध्यापर्यंत अमेरिकन पेनीत ९५ टक्के तांबे असे. एक अपवाद १९४३ सालचा. महायुद्धामुळे त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेन्या काढल्या गेल्या. १९८२ साली तांबे महाग पडू लागले म्हणून सरकारने माल बदलला. त्यानंतरची पेनी ९७.५ टक्के जस्ताची आणि वर तांब्याचा पातळ थर, तो सगळा मिळून अडीच टक्के. दिसायला दोन्ही सारख्या. पण रुळांखाली नाणे ताणले जाते तेव्हा वरचा थर फाटल्यासारखा विरळ होतो आणि आतले पांढरे जस्त पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागते.

आमचा एक भाचा शिकागोकडे नोकरीला आहे. गेल्या खेपेस त्याने दोन पत्र्या आणल्या होत्या, एकाच यंत्रातून काढलेल्या. आम्ही दोन्ही गादीवर ठेवल्या. आमच्याकडे माल घेऊन येणारे एक वयस्क रंगारी चाचा बसले होते. त्यांनी पांढरे पट्टे असलेली पत्री उचलून पाहिली आणि म्हणाले, “ही खळ दिलेल्या कापडासारखी आहे. पहिल्या धुण्यातच पोत उघडा पडला.” भाचा हसून म्हणाला, “मामू, तिकडे ही गोष्ट समजायला लोकांना शंभर पेन्या खराब कराव्या लागतात.”

ओळखण्याची रीत सोपी आहे. नाण्यावर साल असतेच. १९८१ आणि त्याआधीची (१९४३ वगळून) तांब्याची, १९८३ आणि पुढची जस्ताची असे समजून चालावे. १९८२ ची मात्र दोन्ही प्रकारची निघते. तिथे तराजू पाहिजे. तांब्याची ३.११ ग्रॅम भरते, जस्ताची २.५ ग्रॅम. दहा नाण्यांत सहा ग्रॅमचा फरक येतो, तो सराफी काट्यावर लगेच कळतो. कान तयार असेल तर काटाही नको. फरशीवर टाकली की तांब्याची घणघणते, जस्ताची ठक् करून बसते.

इथे चकाकीला भुलू नये. बँकेतून पन्नास नाण्यांची कोरी वळकटी मिळते आणि ती इतकी झळाळते की धुण्याची गरजच वाटत नाही. पण ती जस्ताची. ४०-५० वर्षे हातोहात फिरून काळी पडलेली जुनी पेनी, नीट साफ केली तर, तिच्यापेक्षा कितीतरी सरस पत्री देते. ज्यांना पांढऱ्या रेघाच आवडतात असेही काही संग्राहक आहेत, ती त्यांची पसंत.

ब्रिटनमध्ये हीच पारख चुंबकाने होते. तिथली एक आणि दोन पेन्सची नाणी १९९२ पासून पोलादाची असून वर तांब्याचा मुलामा असतो. चुंबकाला चिकटली ती पोलादी. पोलाद कठीण, त्यामुळे जुनी काशाची नाणीच दाबायला बरी.

साफ करण्याआधी आणखी एक नजर टाकलीच पाहिजे. नाण्यांचे जे नेहमीचे संग्राहक असतात ते साफ केलेल्या नाण्याला हात लावत नाहीत. जुन्या नाण्यावर चढलेला तपकिरी रंग त्यांच्या लेखी त्याच्या वयाचा दाखला असतो आणि तो काढला की किंमत पडते. म्हणून मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या असलेली, म्हणजे १९५८ पर्यंतची पेनी हाती आली तर ती वेगळी काढावी. त्यातल्या बहुतेक साध्याच असतात, पण १९०९ सालची, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची ‘एस’ खूण आणि मागे कारागिराची ‘व्ही.डी.बी.’ ही अक्षरे असलेली पेनी शिरक्यात बुडवणे म्हणजे पैठणी सोड्यात उकळण्यासारखे आहे. या कामासाठी १९५९ ते १९८१ मधला साधा माल उत्तम.

धुलाई

रंगाईच्या आधी कापड नीट धुतले नाही, त्यात तेल किंवा खळ राहिली, तर रंग डाग धरून बसतो, हे आमच्या धंद्यातले पहिले शिक्षण. नाण्याचे तसेच आहे. मळ राहिला तर रूळ तो धातूत दाबून टाकतात. मग तो घासूनही निघत नाही, आणि निघाला तर मागे खड्डा राहतो.

आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. जुन्या नाण्यावर हातांचे तेल असते. ते न काढता आम्लात टाकले तर आम्ल एकसारखे काम करीत नाही आणि ठिपके उठतात. दातांचा मऊ ब्रश चालतो. तारेचा ब्रश, लोखंडी काथ्या, वाळूची पूड मुळीच वापरू नये. त्यांच्या चऱ्या नाण्याबरोबर ताणल्या जाऊन लांब रेघा होतात.

मग शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मीठ. कपभर पांढऱ्या शिरक्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवावे. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे. नाणी एकावर एक न पडतील अशी पसरावीत, कारण जिथे दोन नाणी चिकटतात तिथे चंद्रकोरीसारखा काळा डाग राहतो. नाण्यावरचा काळा थर म्हणजे तांब्याचा हवेतल्या प्राणवायूशी झालेला संयोग. शिरक्यातले आम्ल तो विरघळवते आणि मीठ त्या कामाला जोर आणते. आपल्याकडे तांब्याचा हंडा चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ लावून घासतात ती हीच विद्या, आणि आपल्या घरच्या बायांना ती पुस्तकाविना येते. पाच-दहा मिनिटे पुरे. मधून लाकडी चमच्याने उलटावे. जस्ताच्या पेन्या या पाण्यात तांब्याच्या पेन्यांबरोबर टाकू नयेत. त्यांच्या मुलाम्याला कुठे ओरखडा असेल तर आम्ल तेथून आत शिरून जस्त खाते. त्याच पाण्यात लोखंडी वस्तूही नको. पाण्यात उतरलेले तांबे लोखंडावर चढते, हे चाकू किंवा खिळा बुडवून कोणीही पाहू शकेल.

यापुढची पायरी नवशिके गाळतात. शिरक्यातून काढलेले नाणे तसेच वाळत ठेवले तर काही तासांत त्यावर हिरवा थर येऊ लागतो. म्हणून लगेच भरपूर पाण्यात धुवावे, खाण्याचा सोडा ओला करून बोटाने दोन्ही बाजूंना चोळावा, म्हणजे उरलेले आम्ल मरते, आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवावे. आपोआप वाळू देऊ नये, पाण्याचे डाग पडतात. जुन्या सुती कापडाने लगेच कोरडे करावे. त्यासाठी अनेकदा धुतलेले मलमल सर्वांत चांगले. नवे कापड घेऊ नका, त्यातली खळ नाण्यावर उतरते.

आम्लातून निघालेले तांबे गुलाबीसर आणि जरा निस्तेज दिसते. ते साफ नाही असे समजून पुन्हा आम्लात टाकू नये. कोरड्या मऊ कापडाने चोळले की झळाळी येते. काही लोक पितळेला लावायचे तयार पॉलिश वापरतात. चमक झटपट येते, पण पॉलिशची पांढरी राख अक्षरांच्या कोपऱ्यांत बसते, आणि तेलकट अंश राहिला तर ठशाची बारीक नक्षी नीट उठत नाही. वापरायचेच तर नंतर साबणाने धुवून काढावे. नाणी शेकड्यांनी असतील तर बंदुकीच्या काडतुसांची टरफले साफ करणारे थरथरते भांडे मिळते. त्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घालून नाणी टाकतात आणि काही तास चालवतात. सोनारांचे तेजाब मात्र यासाठी नव्हे. ते मळाबरोबर नाणेही खाईल आणि हातही.

साफ झालेले नाणे कडेनेच धरावे. बोटाचा ठसा आज दिसत नाही, महिन्याभराने तपकिरी होऊन दिसतो. दाबून झालेली पत्री ठेवण्याच्या वहीतही काळजी हवी. पीव्हीसीच्या स्वस्त पिशव्या तांब्यावर काही वर्षांत हिरवा चिकट थर आणतात.

कायदा आणि यापुढचा माल

नाणे विद्रूप करणे गुन्हा नाही काय, असे वाचक विचारतील. अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यात (भाग १८, कलम ३३१) फसवणुकीच्या हेतूने नाण्यात बदल करणे हा गुन्हा आहे. आठवण म्हणून दाबलेली पेनी कोणी नाणे म्हणून चालवत नाही, म्हणून ती चालते. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या टांकसाळीने पेन्या वितळवण्यावर आणि मोठ्या प्रमाणात देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली, कारण जुन्या पेनीतले तांबे एका सेंटपेक्षा महाग झाले होते. शोभेच्या आणि करमणुकीच्या कामांना त्यातून सूट ठेवली आहे.

आता मुद्दा मालाचा. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च आला. हा आतबट्ट्याचा व्यवहार अमेरिकेने अखेर थांबवला आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. कॅनडाने हेच २०१२ साली केले होते. पेनी चलनातून बाद झालेली नाही, घराघरांतल्या बरण्यांत अब्जावधी पडल्या आहेत. पण तांब्याच्या पेन्या १९८२ नंतर नव्या झाल्याच नाहीत, आणि आहेत त्या लोक निवडून घरात ठेवत आहेत. शिवाय नव्या धर्तीची यंत्रे कार्डाने पैसे घेतात आणि आतलीच चकती दाबून देतात. तिथे आपली धुतलेली पेनी घालायला फटच नसते. त्यामुळे जुनी, हाताने फिरवायची यंत्रे जिथे आहेत तिथे शौकीन लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात.

आपल्याकडच्या कोणा हौशी बांधवाने हे वाचून रुपयाचे नाणे रुळाखाली घालू नये. २०११ च्या नाणे कायद्यानुसार भारतीय नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आणि आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस पोलादाची, ती या कामाला तशीही निरुपयोगी. जपानातही १९४७ पासून नाणे खराब करण्यास मनाई आहे. तिथल्या यंत्रवाल्यांनी त्यातून वाट काढली ती अशी की गिऱ्हाईक फक्त पैसे टाकते, यंत्र स्वतःजवळची कोरी तांब्याची चकती दाबून देते. मुरादाबादच्या किंवा पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला अशी चकती काढणे अवघड नाही : दीड मिलिमीटर पत्रा, सुमारे १९ मिलिमीटर व्यास, कडा गुळगुळीत, आणि भट्टीत तापवून मऊ केलेली, म्हणजे रुळांखाली चिरणार नाही. भट्टीतून ती काळी होऊन निघते. मग पुन्हा तेच, चिंच किंवा शिरका, मीठ, सोडा, पाणी आणि मलमल.