जोड्यांच्या कपाटावरील लखोटा

इंग्लंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची सरकारी योजना 2006 सालापासून चालू असून, डॉक्टरांच्या दफ्तरी नोंद असलेल्या 50 ते 74 वर्षांच्या प्रत्येक इसमास दर दोन वर्षांनी चाचणीचा संच टपालाने विनामूल्य घरपोच येतो. इतकी तजवीज असूनही पुष्कळ संच परत जातच नाहीत, आणि दक्षिण आशियाई कुटुंबांत ही अनास्था अधिक आढळते.

लंडनच्या हॅरो उपनगरात नात्यातल्या काकांकडे मुक्काम असताना तिचे स्वरूप मला जवळून पाहावयास मिळाले. पेन्शनचे प्रत्येक पत्र तारीखवार लावून ठेवणारे हे काटेकोर गृहस्थ त्या लखोट्याला मात्र हात लावीत नसत. देवघर असलेल्या खोलीत तो नेण्यास काकूंची हरकत असल्यामुळे तो जोड्यांच्या कपाटावर पडून होता. "मला काही त्रास नाही, मग उगाच कशाला?" असे काका म्हणत, पुढे एकदा, काकू बाहेर गेल्या असताना, आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, पण ते घ्यायचं कशात?"

माझ्या मते खरी अडचण या प्रश्नात होती. आतड्यातील मांसाची गाठ कर्करोगाचे रूप घेण्यास बहुधा कैक वर्षे घेते, हे त्यांना ठाऊक होते. उणीव ज्ञानाची नव्हती, तर जन्मभराच्या सोवळ्याने ज्या गोष्टीचा उच्चारही वर्ज्य ठरविला तिच्याविषयी कोणी सरळ बोलण्याची होती. मी सारा तपशील सांगितला: टाकाऊ स्वच्छ डब्यात, पाण्याचा स्पर्श होऊ न देता शौच घ्यावे, नळीच्या झाकणाला जोडलेली काडी त्यावरून फिरवून तिच्या खाचा भराव्यात, नळी घट्ट मिटून तारीख लिहावी आणि सोबतच्या पाकिटातून रवाना करावी. पूर्वी तीन निरनिराळ्या दिवसांचे नमुने पुठ्ठ्यावर लावावे लागत. 2019 पासून एकच पुरतो, आणि ही चाचणी केवळ मानवी रक्तच ओळखत असल्याने पथ्यही नाही.

"आणि काही निघालं तर?" हे भय मात्र युक्तिवादाने सरले नाही. शंभरांतील सुमारे अठ्ठ्याण्णव जणांना पुढील तपासणी लागत नाही, उरलेल्यांतीलही बहुतेकांना कर्करोग नसतो, आणि तो अगदी प्रारंभी सापडल्यास दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांपलीकडे जगतात, हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. नमुना त्यांनी त्याच आठवड्यात पाठविला.

आपल्या घरी असा लखोटा पडून असेल, तर वडीलधाऱ्यांना "केलीत का चाचणी?" एवढेच विचारून थांबू नये, ती कशी करावयाची, हे संकोच सोडून त्यांच्याजवळ बसून सांगावे. शौचातून रक्त जात असेल, तर मात्र संचाची वाट न पाहता डॉक्टरांकडेच जावे.