गाडीवरून पडल्यावर मिळणारे सल्ले

नव्यानं मोटरसायकल चालवू लागलेलं कुणी पडलं, की पहिला सल्ला येतो, ‘आता लगेच गाडीवर बस, नाहीतर भीती कायमची बसेल.’ हे ऐकू नका. डोक्याला मार लागला असेल तर मळमळ, गरगरणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. आधी डॉक्टर, मग गाडीची तपासणी. हेल्मेटही बदला. बाहेर ओरखडा दिसत नसला तरी आतला थर्माकोलचा थर दबून धक्का शोषतो आणि एकदा दबला की पूर्ववत होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला दुसराच आहे: ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील.’ ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा करकचून दाबला, तर हलकं झालेलं चाक लॉक होऊन घसरतं. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. 1981च्या त्यांच्या अहवालातही हेच दिसलं: ऐनवेळी अनेकांनी मागचं चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. धोका असतो तो पुढचा ब्रेक झटक्यात दाबण्यात, विशेषतः वळणावर, खडीवर, पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर. आधी हलकेच दाबायचा, भार पुढे आला की जोर वाढवायचा. 100-125 सीसीच्या अनेक गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक नसतो; सीबीएस, म्हणजे जोडब्रेक असतो. त्यात मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागतो, पण चाक लॉक होणं तो अडवत नाही. म्हणजे बोटांनाच शिकावं लागतं.

‘चालवत राहा, आपोआप जमेल’ हेही अर्धंच खरं. हर्ट यांच्या पाहणीतल्या निम्म्याहून अधिक चालकांना अपघातातल्या त्या गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते, रस्त्यावरचा एकूण अनुभव मात्र बराच होता. जे चुकलं, नेमकं तेच सरावात हवं. ब्रेक चुकला असेल तर मोकळ्या मैदानात वीसच्या वेगानं सुरुवात करा आणि हात सैल पडेपर्यंत वेग वाढवू नका. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्याकडेच जाते, त्यामुळे वळणावर नजर पुढच्या रस्त्यावर ठेवायची सवय मुद्दाम लावावी लागते.

भीती वाटते म्हणजे माणूस घाबरट, हे तर साफ चूक. अपघातानंतर हात थरथरणं स्वाभाविक आहे, आणि असा सराव वाढत गेला की बहुतेकांची भीती ओसरते. महिना उलटूनही झोपेत तोच प्रसंग दिसत असेल, हॉर्न ऐकला तरी छातीत धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका. मागे कुणाला बसवण्याची घाईही नको. दुसऱ्या माणसाच्या वजनानं ब्रेक आणि तोल दोन्ही बदलतात, तो सराव वेगळा करावा लागतो.