छातीत धडधड, रिपोर्ट मात्र नॉर्मल : चिंतेचा आजार ओळखायचा कसा, उपचार घ्यायचे कुठं?

मारुंजी (ता. मुळशी) : अचानक छातीत धडधडायला लागतं. घाम फुटतो, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात. आता काही खरं नाही, असं वाटून घरचे रात्रीच गाडी काढतात. दवाखान्यात ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं. डॉक्टर सांगतात, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." पेशंट घरी येतो आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

मग दुसरा दवाखाना, तिसरा दवाखाना. कुणी म्हणतं ॲसिडिटी आहे, कुणी म्हणतं नजर लागली, कुणी देवऋषाकडं न्यायला सांगतं. घरात बोलणं सुरू होतं की याला झालंय काय, हा नाटकं करतो. पण रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ त्रास खोटा आहे असा होत नाही. पुढचा प्रश्न विचारायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. तो प्रश्न म्हणजे, हा चिंतेचा आजार तर नाही ना?

काळजी वेगळी, आजार वेगळा

मारुंजी, हिंजवडी, माण, नेरे, जांबे या पट्ट्यात काळजीला कारणांची कमी नाही. एका बाजूला भाताची खाचरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला आयटीवाल्यांचे टॉवर. कुणाचा जमिनीचा वाद कोर्टात आहे, कुणाला आलेला पैसा संपत चालल्याची धास्ती आहे, कुणाच्या खोल्या रिकाम्या पडल्यात, तर कुणाच्या डोक्यावर फ्लॅटचे हप्ते आहेत. अशा वेळी झोप उडणं, जीव वरखाली होणं साहजिकच आहे. पाऊस लांबला की शेतकऱ्याला काळजी वाटणारच. त्याला आजार म्हणत नाहीत.

काळजीचं कारण मिटलं तरी काळजी जात नाही, ती कारणापेक्षा कितीतरी मोठी होते, महिनोन्‌महिने टिकते आणि तिच्यामुळं काम, जेवण, झोप, घरातलं बोलणं बिघडतं, तेव्हा तो आजार झाला असं समजायचं.

हे समजायला शेतातल्या मोटारीचा ऑटो डोळ्यांपुढं आणा. लाइट आली की ऑटो मोटार सुरू करतो, ते आपल्या सोयीचंच असतं. पण ऑटो बिघडला आणि विहिरीत पाणी नसतानाही मोटार सुरू व्हायला लागली तर मोटार जळते. आपल्या मेंदूतही असाच एक ऑटो आहे. समोर साप दिसला की तो अंगात ॲड्रिनलिन नावाचं रसायन सोडतो. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, स्नायू ताठतात, माणूस उडी मारून बाजूला होतो. त्यानं जीव वाचतो. चिंतेच्या आजारात साप नसतानाही हा ऑटो सुरू होतो. धडधड खरी असते, घाम खरा असतो, धोका मात्र नसतो.

भरभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. ते पाहून माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो आणि त्रास चढत जातो.

आजाराचे मुख्य प्रकार

सततची चिंता : सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, कशाची ना कशाची काळजी चालूच. सोबत लवकर थकणं, चिडचिड, मान-खांदे आखडणं, लक्ष न लागणं, झोप न येणं.

पॅनिक अटॅक : काही मिनिटांत शिगेला पोचणारी प्रचंड भीती. आपण मरणार किंवा वेडे होणार असं वाटतं. अटॅक थोड्या वेळात ओसरतो, पण पुन्हा येईल ही भीती मागं राहते. असे अटॅक वारंवार आले आणि त्या धास्तीनं वागणं बदललं तर त्याला पॅनिकचा आजार म्हणतात.

लोकांसमोर जायची भीती : चारचौघांत बोलणं, पंगतीत जेवणं, मुलाखत देणं यांची इतकी धास्ती की माणूस जायचंच टाळतो. याची सुरुवात बहुधा वयात येतानाच होते. घरचे म्हणतात, पोरगं लाजाळू आहे.

ठरावीक गोष्टीची भीती : उंची, इंजेक्शन, बंद लिफ्ट, गर्दी, एकट्यानं प्रवास.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे टाळणं. हिंजवडीच्या शिवाजी चौकात ट्रॅफिकमध्ये एकदा अटॅक आला की माणूस तो रस्ता टाळतो, मग बस टाळतो, मग बाजार टाळतो. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती मात्र वाढते. शेवटी घराचा उंबरा ओलांडणं अवघड होतं.

आपल्याकडं हा त्रास वेगवेगळ्या शब्दांत सांगितला जातो. "छातीत पाणी पाणी होतं", "जीव घाबरा होतो", "डोकं बधिर झालंय", "काळजात धस्स होतं". बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, आणि घरातली कामं उरकत त्या वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

सात प्रश्न स्वतःला विचारा

जगभरातले डॉक्टर प्राथमिक तपासणीसाठी सात प्रश्नांची एक पट्टी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तर द्यायचं. कधीच नाही असेल तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३ गुण. प्रश्नांचा आशय असा :

१. जीव घाबरल्यासारखा किंवा ताणल्यासारखा वाटतो का?
२. काळजी थांबवायची म्हटलं तरी थांबत नाही का?
३. बारीकसारीक अनेक गोष्टींची जास्तच काळजी वाटते का?
४. निवांत बसणं जमत नाही का?
५. एका जागी बसवत नाही इतकी चुळबुळ होते का?
६. पटकन राग येतो, चिडचिड होते का?
७. काहीतरी वाईट होणार अशी भीती वाटते का?

बेरीज २१ पर्यंत होऊ शकते. ५ पासून पुढं सौम्य त्रास धरतात. १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. मात्र या पट्टीवरून आजार पक्का ठरत नाही. ते काम डॉक्टरांचं.

आधी शरीराची तपासणी

धडधड दिसली की लगेच "मनाचं आहे" म्हणून मोकळं व्हायचं नाही. थायरॉइड वाढणं, रक्त कमी असणं, साखर उतरणं, हृदयाचे ठोके बिघडणं, दमा यांतही असाच त्रास होतो. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली तरी हात थरथरतात, घाम येतो. दिवसाला आठ-दहा कप चहा, तंबाखू, मिश्री यांनीही धडधड वाढते. हे सगळं डॉक्टरांना खरं खरं सांगावं.

दोन गोष्टींत वाट बघू नका. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, तर आधी हृदयविकार समजा आणि १०८ ला फोन करा. विशेषतः चाळिशी ओलांडलेली असेल, शुगर किंवा बीपी असेल तर. पॅनिक अटॅक हा शब्द ईसीजी झाल्यानंतरचा.

दुसरी गोष्ट फवारणीची. औषध फवारल्यावर घाम, मळमळ, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, थरथर सुरू झाली तर ती विषबाधा असू शकते. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

उपचार दोन, दोन्ही गुणकारी

पहिला उपचार बोलण्याचा. याला विचार आणि वर्तनाची थेरपी म्हणतात. यात नुसता सल्ला किंवा धीर देत नाहीत. ऑटो कशानं सुरू होतो हे पेशंटला समजावून देतात, "मी मरणार" या विचाराची उलटतपासणी करायला शिकवतात आणि टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीनं करायला लावतात. बसची भीती असेल तर आधी नुसतं स्टॉपवर उभं राहायचं. मग कुणाला तरी सोबत घेऊन एक स्टॉप, मग एकट्यानं एक स्टॉप. भीती चढते आणि आपोआप उतरते, हा अनुभव मेंदूला मिळाला की ऑटो दुरुस्त व्हायला लागतो.

दुसरा उपचार गोळ्यांचा. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशा गोळ्या यात मुख्य आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ किंवा थोडी बेचैनी होऊ शकते. इथंच बरेच जण गोळी सोडतात आणि "फरक पडला नाही" म्हणतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची नशा होत नाही, चटक लागत नाही.

चटक लागते ती दुसऱ्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांसाठीच असतात. मित्रानं दिली, जुन्या चिठ्ठीवर आणली, असं करत महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं आहे. आधीच चालू असतील तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. दारूबरोबर तर कधीच घेऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी डॉक्टरांना तसं आधी सांगावं.

अटॅक आला तर बसून घ्या, नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडा. तोंडाला पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. सोबतच्या माणसानं "काही झालं नाही तुला" असं न म्हणता "मी आहे इथं, हे जाईल थोड्या वेळात" असं म्हणावं.

शेजारच्या गोव्यानं काय दाखवलं?

मानसोपचारतज्ज्ञ गावात नाहीत, मग उपचार होणार कसे, असा प्रश्न पडतो. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेनं आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटानं त्याचं उत्तर शोधलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवलं. ते नैराश्य आणि चिंतेचे पेशंट ओळखायचे, समजावायचे, पाठपुरावा ठेवायचे. गरज असेल तर डॉक्टर गोळ्या द्यायचे. एकूण २४ दवाखान्यांत केलेला हा अभ्यास २०१० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी आरोग्य केंद्रांत जिथं हे समुपदेशक होते तिथं सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ पेशंट बरे झालेले होते. जिथं नव्हते तिथं सुमारे ४३.

याउलट, बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के पेशंटपर्यंत उपचार पोचतच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून जास्त लोकांना चिंतेचा आजार होता. म्हणजे हा त्रास असलेला माणूस एकटा नाही. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

देवाधर्माला हरकत नाही, पण

मंदिरात जाऊन मनाला शांत वाटत असेल तर जरूर जावं. पण बाधा झाली म्हणून मारहाण करणं, चटके देणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि देवऋषाकडं गेलेले महिने आजाराला वाढायला मिळतात.

"बाहेर कळलं तर पोरीचं लग्न कसं जमणार?" ही भीतीही खरी आहे. म्हणून हे माहीत असावं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणं हा हक्क आहे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच धरायचं आहे. चिंतेच्या आजारात बहुतेकांना ॲडमिट व्हावं लागत नाही, ओपीडीत दाखवून घरी येता येतं.

मारुंजीकरांनी जायचं कुठं?

फोनवर : टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

गावाजवळ : आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. थायरॉइड, रक्त, बीपी यांची सुरुवात इथून होते. तालुक्याला पौडचं ग्रामीण रुग्णालय आहे.

तज्ज्ञ हवे असतील तर : औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, पुण्यातलं ससून आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालय त्यात येतं. निघण्याआधी मानसोपचार ओपीडीचा वार विचारून घ्या आणि जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, १४४१६ ला फोन लावा. प्रसंग तातडीचा असेल तर १०८ किंवा ११२.

भाऊ, वहिनी, शेजारी, मित्र यांच्यापैकी कुणाचे रिपोर्ट दोन-तीनदा नॉर्मल आले असतील आणि त्रास तसाच असेल, तर त्यांना हे सात प्रश्न वाचून दाखवा.