डोमेन नांव कोणाचें?

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत ज्यास कारखाना काढावयाचा असतो, त्यास भूखंड कायमचा विकत मिळत नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून तो भाडेपट्ट्यानें, सामान्यतः ९५ वर्षांच्या मुदतीनें, मिळतो. पट्टा कोणाच्या नांवें आहे आणि मुदत केव्हां संपते, हें कारखानदार नीट पाहून घेतो. परंतु तोच कारखानदार आपलें संकेतस्थळ काढतांना ज्या नांवानें तें जगास सांपडावयाचें, त्या डोमेन नांवाचा कागद कोणाच्या हातीं आहे, हें सहसा विचारीत नाहीं. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंटरनेटवरील यंत्रें एकमेकांस आंकड्यांच्या पत्त्यानें ओळखतात. आंकडे पाठ ठेवणें माणसास अवघड, म्हणून त्यांऐवजीं नांव योजितात. तेंच डोमेन नांव. तेंही भूखंडाप्रमाणें मुदतीनेंच मिळतें. 'डॉट कॉम' वा 'डॉट इन' नांवाची नोंद एका वेळीं जास्तींत जास्त १० वर्षांची करतां येते, व पुढें ती वाढवावी लागते.

या व्यवहारांत मुख्य पक्ष चार आहेत. पहिला पक्ष आयकॅन. ही ना-नफा संस्था १९९८ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत स्थापन झाली. जगांतील नामव्यवस्थेचा मेळ ती राखते. दुसरा पक्ष रजिस्ट्री. नांवाच्या अखेरच्या भागास आपण शेपूट म्हणूं. एका शेपटाखालील सर्व नांवांची मूळ नोंदवही रजिस्ट्रीपाशीं असते. 'डॉट कॉम'ची वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. 'डॉट इन'ची आणि देवनागरी 'डॉट भारत'ची वही निक्सी या २००३ सालीं स्थापन झालेल्या भारतीय संस्थेकडे आहे. तिसरा पक्ष रजिस्ट्रार, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन वहींत नोंद करविणारी मान्यताप्राप्त पेढी. तिचे उपविक्रेतेही असतात. चौथा पक्ष नोंदणीदार, म्हणजे ज्याच्या नांवें नोंद झाली तो. नांवावरील हक्क प्रथमदर्शनीं त्याचाच.

संकेतस्थळाची पानें रचणारा कारागीर आणि तीं ठेवण्यास जागा भाड्यानें देणारी कंपनी हे याहून निराळे. मजुरी व भाडें घेतल्यानें नांवावर त्यांचा हक्क उत्पन्न होत नाहीं. मात्र येथेंच घोटाळा होतो. बोईसरचे आमच्या परिचयाचे एक लघुउद्योजक आहेत. त्यांनीं सर्व काम एका तरुणावर सोंपविलें. पैसे यांचे, पण नोंदणीदार म्हणून तरुणानें स्वतःचें नांव घातलें. त्यांत कपट नव्हतें, केवळ सोय होती. कांहीं वर्षांनीं तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या, कोणीं वाचल्या नाहींत, आणि तें नांव तिसऱ्याच मनुष्यानें घेतलें. कारखान्याच्या पाटीवर, बिलांवर व टेंपोवर मात्र जुनाच पत्ता रंगविलेला राहिला!

अशा प्रसंगीं दाद मागतां येत नाहीं असें नाहीं. २००४ सालीं सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यांत, डोमेन नांवासही व्यापारचिन्हासारखें संरक्षण मिळूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. 'डॉट इन'च्या तंट्यांसाठीं निक्सीची लवाद-व्यवस्थाही आहे. पण तेथें आपला लौकिक व दुसऱ्याचा वाईट हेतु पुराव्यानें सिद्ध करावा लागतो; मुदत चुकली एवढें सांगून भागत नाहीं.

त्यापेक्षां आधींच चार गोष्टी पाहाव्या. नोंदणीदार म्हणून आपलें किंवा आपल्या संस्थेचें नांव आहे काय? नोंदींतील ई-मेल व दूरध्वनि आपलेच व चालू आहेत काय? रजिस्ट्रारकडील खात्याचा परवलीचा शब्द आपल्यापाशीं आहे काय? मुदतीची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहिली आहे काय? चारही उत्तरें 'होय' असतील, तर रजिस्ट्रार बदलला किंवा कारागीर दूर गेला तरी नांव आपल्यापाशीं राहतें.

पालघरचें दुकान असो वा घोलवडची चिकूची वाडी, ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं असें संकेतस्थळ असेल त्यांनीं हे चार प्रश्न आज सायंकाळींच वडीलधाऱ्यांस विचारावे, अशी आमची विनंति आहे. एखाद्याही प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास, तें ज्याच्यापाशीं असेल त्याची गांठ मुदत संपण्यापूर्वींच घ्यावी.