कोठारातील धान्य आणि लोकांचा भरवसा

‘विश्वास तर पानिपतावरच गेला,’ असे आपल्याकडे हसत हसत म्हणतात. रेशनचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. धान्य काळ्या बाजारात जाते, मापात मारले जाते, असे एक जण सांगतो. दुसरा मान डोलावतो. आणि चहाबरोबर विषयही संपतो. या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु राष्ट्राच्या अन्नव्यवस्थेवर लोकांचा विश्वास असणे ही धान्याइतकीच व्यवहाराची बाब आहे, आणि तो विश्वास उघड्या हिशेबावाचून टिकत नाही, एवढेच आज आम्हांस मांडावयाचे आहे.

प्रथम एक साधा हिशेब करू. दहा हजार कुटुंबांच्या एखाद्या गावात धान्य मिळणार नाही अशी आवई उठली आणि प्रत्येक घराने भीतीपोटी एकच पोते जादा आणले, तर बाजारातून दहा हजार पोती नाहीशी होतात. पीक एका दाण्यानेही कमी झालेले नसते. तरी भाव चढतो, व्यापारी माल दाबून धरतो आणि रोजच्या मजुरीवर रोजचे धान्य घेणारा उपाशी राहतो. म्हणजे भीती हीच टंचाई निर्माण करते.

बंगालमध्ये १९४३ साली याचाच भयंकर प्रत्यय आला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता, ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने पिकांची हानी केली होती आणि युद्धामुळे पैसा सैल झाला होता. तथापि अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखविले की, त्या वर्षीचा धान्यपुरवठा एवढा अनर्थ व्हावा इतका घटलेला नव्हता. भाव भडकले, ज्यांच्याजवळ तांदूळ होता त्यांनी तो दडविला, आणि शेतमजूर व कोळी यांच्या मजुरीत तो परवडेनासा झाला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला.

त्याच वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिका म्हणजे काय? ‘तुझा वाटा ठरलेला आहे, घाई करू नकोस’ असे सरकारने दिलेले लेखी वचन. परंतु वचन पाळावयाचे तर पाठीशी कोठार हवे. ते उभारावयास आणखी वीस वर्षे लागली. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. शेतकऱ्याचा माल आधारभूत भावाने घ्यावयाचा, गोदामात ठेवावयाचा आणि तेथून राज्यांना पुरवावयाचा, असा हा प्रवाह आहे. हाताशी किती साठा असावा याचेही प्रमाण ठरलेले आहे. २०१५ सालच्या प्रमाणाप्रमाणे केंद्राजवळ १ जुलै रोजी गहू व तांदूळ मिळून सुमारे ४११ लाख टन असावे लागते. गव्हाचा हंगाम नुकताच आटोपलेला असतो आणि भाताचे नवे पीक यावयास अवकाश असतो, म्हणून हा आकडा मोठा.

१९६५ चीच आणखी एक आठवण आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. आपल्याकडील सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो. हा संध्याकाळीच धरावयाचा होता! तरीही पुष्कळ घरांनी तो पाळला. शास्त्रीजींनी आधी स्वतःच्या घरी तो करून पाहिला होता, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. सांगणारा आणि करणारा एकच असला म्हणजे लोक ऐकतात.

पण कोठार भरले म्हणजे पोट भरते असे नाही. २००१ साली देशाची गोदामे ओसंडत होती आणि दुष्काळी भागात माणसे अन्नाला महाग झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या दीर्घ लढ्यानंतर २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोक त्याच्या कक्षेत येतात. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पूर्वी जी मेहरबानी होती ती आता हक्क झाली.

या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. वाटपाची कागदपत्रे कोणाही नागरिकास पाहता आली पाहिजेत, असे तो सांगतो. दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्या, जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी आणि लोकांसमोर होणारी सामाजिक तपासणी, अशी त्याची व्यवस्था आहे. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे हा कायदा म्हणत नाही. ‘येऊन पाहा’ असे म्हणतो. खरा भरवसा याच वाटेने येतो.

यंत्राने चोरी थांबेल, अशीही एक आशा असते. आता दुकानात अंगठा लावून धान्य मिळते, आणि नोंद राहत असल्याने त्याचा उपयोगही आहे. पण जन्मभर कष्ट करून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा यंत्र ओळखत नाही. तिला कोणी रिकाम्या पिशवीने परत पाठवू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले आहे. परंतु हे त्या म्हातारीस कोणी सांगावयाचे?

येथे आपला संबंध येतो. महाराष्ट्रात १९९९ साली तीन रंगांच्या शिधापत्रिका झाल्या. पिवळी गरिबांची, केशरी मधल्या उत्पन्नाची, आणि वार्षिक उत्पन्न १ लाख रुपये वा अधिक असणाऱ्यांची शुभ्र. ही शुभ्र पत्रिका आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पत्त्याचा पुरावा म्हणून पडून आहे. दुकानाची पायरी चढण्याचे आपणांस कारण उरले नाही, आणि ज्यांना लिहिता-बोलता येते तेच रांगेतून निघून गेले. जेथे केवळ गरीबच जातात तेथील माप लवकर हलके होते, कारण तेथे विचारणारा कोणी नसतो.

म्हणून रेशनला नावे ठेवण्यापूर्वी एकदा आपल्या भागातील दुकानात जावे. फलकावर साठा आणि भाव लिहिले आहेत का ते पाहावे. दक्षता समितीवर कोण आहे ते विचारावे, आणि अंगठा न उमटल्याने कोणी परत जात असेल तर त्याच्याबरोबर दोन मिनिटे उभे राहावे. धान्य शेतकरी पिकवितो, सरकार साठविते. भरवसा मात्र आपणच पिकवावयाचा आहे.