कारकुनाच्या उशाशी कायदा

डिसेंबर 1975. चीनच्या हूबेइ प्रांतात, युनमंगजवळच्या श्वेइहूदी इथे पाट खणताना जुनी थडगी लागली. अकराव्या थडग्यातली शवपेटी उघडली, तर सांगाड्याच्या उशाशी, कुशीला, पोटाशी, पायांशी बांबूच्या पट्ट्याच पट्ट्या! अकराशेहून अधिक, शाईने लिहिलेल्या.

अभ्यासक वाचू लागले आणि माणूस उलगडत गेला. नाव शी, जन्म इ.स.पू. 262. छिन राज्याचा स्थानिक पातळीवरचा कारकून, पुढे खटलेही चालवणारा. त्याच्याबरोबर पुरले होते ते त्याच्या कामाचे दप्तर.

तोवर छिन कायद्याची ओळख मुख्यतः पुढच्या हान काळातल्या लेखनातून झालेली. त्या लेखनात छिन म्हणजे जुलूम. पट्ट्यांतही नाक कापण्याच्या, चेहरा गोंदण्याच्या शिक्षा आहेतच. पण त्यांच्या शेजारी कमालीचे नेटके प्रशासन दिसते. वेळेवर पाऊस झाला की किती शेतीला लाभ झाला ते लेखी कळवायचे. वरिष्ठांकडे तोंडी विनंती चालणार नाही. कोठारात उंदरांची तीन बिळे निघाली तर एका ढालीचा दंड, दोन निघाली तर नुसती कानउघाडणी. आणि छोट्या उंदरांची तीन बिळे म्हणजे मोठ्याचे एक! आरोपीला न मारता सत्य काढणे सर्वोत्तम, मारून काढणे हलके, असेही चौकशी करणाऱ्याला बजावलेले. दोन हजार वर्षे ज्यांना निव्वळ क्रूर म्हटले, त्यांच्याच दप्तरात हे सापडावे, याचे मला फार मोल वाटते.

खरा धक्का पुढेच होता. इतिहासकार सिमा छियान सांगतो की इ.स.पू. 209 मध्ये पावसाने वाट अडली, उशिराची शिक्षा मृत्यू, म्हणून चेन शंगने बंड पुकारले आणि साम्राज्य कोसळू लागले. शीच्या पट्ट्यांवरचा वेठीचा नियम मात्र असा: तीन ते पाच दिवस उशीर झाला तर खरडपट्टी, सहा ते दहा दिवसांना एक ढाल, त्याहून अधिक झाला तर एक चिलखत. अतिवृष्टी झाली तर ते काम माफ!

चेन शंगची माणसे सीमेवरच्या पहाऱ्याला निघाली होती. तिथला नियम कडक असू शकतो. म्हणून ती कथा खोटी ठरत नाही. पण ती आता पुराव्याविना मान्यही करता येत नाही.

लायडनचे अभ्यासक हुल्सवे यांनी या कायद्यांचे सटीप इंग्रजी भाषांतर 1985 मध्ये प्रसिद्ध केले. छिन राजवटीवर लिहिणाऱ्याला आज शीचे दप्तर टाळता येत नाही.