सेकंडहँड गाडीची चाळीस वर्षं

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस आजही पहिल्यांदा विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ चाळीस वर्षांत हा प्रश्न हललेला नाही. पण थोड्या पैशांत घेतलेली गाडी घरात टिकली की डोईजड झाली, हे अ‍ॅव्हरेजने फार क्वचित ठरवलं. आधीच्या मालकाने ती कशी ठेवली होती आणि बिघडली तर आपल्या गावात ती कोण उघडणार, या दोन गोष्टींनी ते ठरवलं. मॉडेलं बदलली, इंधनं बदलली, नियम बदलले, तरी दर टप्प्यावर गाठ याच दोन गोष्टींशी पडली.

१९८३च्या आधी निवड म्हणावी अशी नव्हतीच. अ‍ॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनी. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनी गाडीही स्वस्त नसे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन कधी ना कधी खोलावं लागणार, हे घेणाऱ्याला माहीत असे. पण मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तीच गाडी धरल्यामुळे तिचे पार्ट कुठेही मिळत आणि रिंगा-पिस्टन बदलणारा फिटर नाक्यानाक्यावर असे. म्हणून जाणकार इंजिनापेक्षा पत्रा आधी बघत. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण गंजलेला फ्लोअर कितीही वेल्डिंग केलं तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडा पडतो. समुद्राजवळच्या गाड्यांना आजही हेच लागू आहे.

१४ डिसेंबर १९८३ला मारुती ८००ची पहिली चावी दिली गेली. सुरुवातीची काही वर्षं तीही नंबर लावूनच मिळे आणि हातात आलेली गाडी ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकली जाई. कमी बजेटवाल्यांचा जुन्या गाड्यांचा खरा बाजार उघडला तो नव्वदीच्या मध्यावर. १९९३ला झेन आली, पाठोपाठ एस्टीम आली, आणि पहिल्या मालकांच्या ८०० विक्रीला निघाल्या. शाळामास्तर, बँकेतला कारकून, छोटा दुकानदार यांच्या दारात चारचाकी आली ती बहुतेक वेळा अशी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने.

ती गाडी भरवशाची का होती, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, हलकं अंग, बिघडण्यासारख्या वस्तूच मोजक्या. ऑइल वेळेवर बदललं आणि टायमिंग बेल्ट तुटायची वाट न बघता बदलला, तर ती बिनतक्रार चाले. शिवाय तिचा क्लच वायरपासून हेडलाइटपर्यंत प्रत्येक पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळे. २०१०मध्ये उत्सर्जनाचे नवे नियम आल्यावर तेरा शहरांत तिची विक्री थांबली आणि जानेवारी २०१४मध्ये उत्पादनही बंद झालं, पण पार्ट पुढेही मिळत राहिले. कारण तशा गाड्या रस्त्यावर लाखांनी होत्या. भरवसा म्हणतात तो कारखान्यात जितका तयार होतो, तितकाच या दुकानांत आणि गॅरेजांत.

याची उलटी बाजू त्याच काळाने दाखवली. १९९८ हे वर्ष मोठं गमतीचं होतं: सँट्रो, मॅटिझ, इंडिका एकाच वर्षात आल्या. मॅटिझ चालवायला गोड होती, पण ती बनवणारी देवू भारतात टिकली नाही. पुढे शेवरोलेची विक्री २०१७च्या अखेरीस थांबली, २०२१मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अशा प्रत्येक वेळी चांगल्या गाड्या एकदम स्वस्तात बाजारात आल्या. ज्याच्या शहरात त्या कंपनीचं काम जाणणारा मिस्त्री आहे, त्याच्यासाठी तो सौदा फायद्याचा ठरतो. सोलापूर किंवा परभणीला राहून एका बंपरसाठी पुण्याला फोन करत बसावं लागणार असेल, तर सुरुवातीला वाचलेले पैसे वर्षभरात निघून जातात. ज्याच्या हातात पैसे थोडे असतील त्याने हा मोह टाळावा, असं मला ठामपणे वाटतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं घालून विकायला निघाल्या आणि जुन्या गाडीच्या तपासणीत एक नवीन कलम आलं. २०१९चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ला चिपळूण-महाडला आलेलं पाणी, यांनंतर ते पुन्हा आठवावं लागलं. पाण्यातून निघालेलं इंजिन साफ होतं, वायरिंग होत नाही. कनेक्टरमध्ये हिरवट गंज धरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकेक लाइट, एकेक सेन्सर बोलायचा बंद होतो. ओळखायची साधी रीत म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. बाहेर दिसणारा पट्टा लोक धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा राहून जातो. तिथे मातीची रेघ असली की मालक काहीही सांगो, तिथून निघावं.

मग डिझेलचं दशक आलं. २०१२मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे ३० रुपयांच्या घरात फरक होता. फियाटच्या तंत्राचं १.३ लिटरचं इंजिन घेऊन आलेली डिझेल स्विफ्ट तेव्हा घराघरांत हवी होती. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले आणि तो फरक आटत गेला. या गाड्या आज स्वस्तात दिसतात, पण त्यांचे मीटर खूप पुढे गेलेले असतात, किंवा मागे फिरवलेले असतात. इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप यांतलं एक काम निघालं तरी चार वर्षांच्या इंधनाची बचत जाते. रोज लांबचं रनिंग नसेल, तर जुनी डिझेल गाडी परवडत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यावर तिकडच्या गाड्याही आपल्याकडे आल्या. त्यांची किंमत कमी दिसते खरी, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून हिशेब करावा.

मीटर फिरवण्याचा धंदा जुनाच, पण डिजिटल मीटरमुळे तो थांबेल ही आशा फोल ठरली. लॅपटॉप जोडून आकडा बदलतात. म्हणून आकड्यापेक्षा खुणा बघाव्यात. ५० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टिअरिंगही चकाकत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली, हे विचारायचं. चांगला मिस्त्री बॉनेट उघडतो आणि आधी इंजिनाकडे बघतच नाही. एप्रनच्या कडेवरून बोट फिरवतो, फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का ते बघतो. तिथे पाना लागला असेल तर गाडी ठोकलेली आहे. मग थंड इंजिन चालू करायला सांगतो, ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरतो. हाताला जोराची वाफ लागली तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा गेल्या. गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल तर तो सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं ठरवतो. त्याला हजार-पाचशे द्यावे लागतात. सगळ्या व्यवहारात याहून सार्थकी लागणारा पैसा नाही.

एप्रिल २०२०ला बीएस-६ हे उत्सर्जनाचं नवं मानक आलं, मारुतीने डिझेल सोडलं, पुढच्या वर्षी चिपचा तुटवडा पडला. नव्या गाडीला वेटिंग लागलं तसे जुन्या गाड्यांचे भाव चढले, जवळजवळ सत्तरीतल्यासारखे. सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी उतरली म्हणजे जुनीही उतरलीच पाहिजे. मालक कर कपातीच्या आधीचा भाव धरून बसला असेल, तर हे त्याच्यासमोर स्पष्ट मांडावं.

आज दोन-अडीच लाख हाताशी असणाऱ्याला मी दहा-बारा वर्षांची, एका हाताची पेट्रोल वॅगन आर किंवा अल्टो के-१० सुचवीन. २०१०च्या सुमारास त्यांत आलेल्या के-सीरिज इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही. या गाड्यांना वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळतं, ते धरून चालावं. सीएनजी हवा असेल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. पंधरा वर्षं पुरी व्हायला आलेली गाडी मात्र विचार करूनच घ्यावी, कारण पुन्हा नोंदणीची फी एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर आहे. अडीच लाखांचं बजेट असेल तर गाडी दोन लाख दहा हजारांचीच बघावी. उरलेले पैसे टायर, बॅटरी, क्लच प्लेट आणि विम्याला लागतातच.

कागदांचं काम पूर्वी एजंटवर सोडलं जाई, आणि सह्या केलेले फॉर्म २९ व ३० घेऊन गाडी तीन-तीन हातांतून फिरे. आता वाहन पोर्टलवर नंबर टाकला की कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, हे दिसतं. तरी नाव बदलण्यात चालढकल होतेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं की अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, मग गाडी विकून कितीही दिवस झालेले असोत. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. घेणाऱ्याने विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा, आणि सौद्यातले पंधरा-वीस हजार आरसीवर आपलं नाव चढेपर्यंत हातात ठेवावेत. प्रामाणिक विक्रेता याला सहसा नाही म्हणत नाही.